डाव्या कोपऱ्यातला ठिपका

राज्यं तलवारीने मिळवता येतात, पण टिकतात ती कागदाच्या जोरावर; आणि कागद टिकतो तो वाचणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर.

हे वाक्य ठिपकेसरांच्या ग्रंथाच्या पहिल्या प्रकरणाच्या माथ्यावर गेली एकोणीस वर्षं होतं. ग्रंथ फुगत फुगत सहाशे बारा पानांचा झाला, पण आजवर त्यातलं एवढंच वाक्य लोकांनी वाचलं होतं, आणि ज्यांनी वाचलं त्यांना ते दुसऱ्या कोणाचं तरी वाटलं होतं.

ठिपके हे सरांचं आडनाव नव्हे. संस्थेच्या शिपायांनी ते ठेवलं आणि नव्या माणसांना तेच खरं वाटू लागलं. एकदा तर ओळखपत्रही त्याच नावाने छापून आलं. सरांनी ते बदलून मागितलं नाही. अर्ज तीन प्रतींत करावा लागला असता.

नावामागे सिद्धांत होता. अडीचशे वर्षांपूर्वीच्या सरकारी हुकमांच्या पानांवर, खालच्या डाव्या कोपऱ्यात, एक लाल ठिपका असतो. सगळ्या नव्हे, एकतीस वर्षांच्याच दप्तरांत. आणि समुद्रापलीकडच्या एका शहराच्या दफ्तरखान्यातही तसाच ठिपका, त्याच कोपऱ्यात, आठ वर्षं उशिराने सुरू झालेला. दोन्ही दफ्तरखाने पाहिलेला माणूस म्हणजे ठिपकेसर. त्यांनी ठिपक्याचं बारसं 'स्वीकृतिबिंदू' असं केलं. अर्थ: हा हुकूम मी वाचला, जबाबदारी माझी. म्हणजे कारभारातली जबाबदारी ही कल्पना जहाजात बसून समुद्र ओलांडून गेली, आणि तिला पोचायला आठ वर्षं लागली. पलीकडे हा ठिपका एके दिवशी अचानक बंद होतो. त्यावर सरांचं सर्वांत गाजलेलं प्रकरण होतं, 'उत्तरदायित्वाचा ऱ्हास'. गाजलेलं म्हणजे एका परिसंवादात त्यावर दोन प्रश्न आले होते, त्यातला एक जेवणाच्या वेळेबद्दल होता.

शाई तपासून घ्यावी असं त्यांना कधी वाटलं नाही असं नाही. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी प्रयोगशाळेकडे अर्ज केला होता. सोबत जोडायचा फॉर्म राहिला म्हणून तो परत आला. सरांनी फॉर्म आणला, भरला, आणि खणात ठेवून दिला.

आता प्रश्न विभागाचा होता. 'तुलनात्मक राज्यकारभार व सांस्कृतिक देवाणघेवाण विभाग' म्हणजे तीन खोल्या, लोखंडी मांडण्या, सर, आणि टायपिस्ट बाई. संस्थेला आता कारभाराच्या इतिहासापेक्षा कारभाराचं प्रशिक्षण देण्यात रस होता. मंगळवारच्या परिषदेपुढे ग्रंथ पूर्ण होऊन आला तर विभाग चालू, नाही तर बंद, असं संचालकांनी तोंडी सांगितलं होतं. सरांची निवृत्ती दोन वर्षांवर आली होती; त्यांना कुठल्याही विभागात खुर्ची मिळाली असती. बाई मात्र बारा वर्षं हंगामी होत्या. दर अकरा महिन्यांनी त्यांना एक दिवस घरी बसवून पुन्हा नेमत. विभाग गेला की नेमायचं कुठे?

गुरुवारी दुपारी बाइंडर मास्तर आले.

संस्थेत जुनी दप्तरं पस्तीस वर्षं बांधून निवृत्त झालेला हा चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस. आपण जिवंत आहोत असा दाखला द्यायला तो वर्षातून एकदा येई. दाखल्याचा कारकून जागेवर नव्हता, म्हणून सरांनी त्यांना आपल्या खोलीत बसवलं. भिंतीवर मुखपृष्ठासाठी काढलेला फोटो होता: एका हुकमाचा डावा कोपरा, आणि मोठा करून करून बशीएवढा झालेला ठिपका.

मास्तरांनी चष्मा वर केला, खाली केला.

"हे काय लावलंय, साहेब?"

"ओळखा बघू."

"ओळखायचं काय त्यात? माझा ठिपका आहे."

सर हसले. म्हाताऱ्या माणसाला हसावं तसं. "तुमचा कसा असेल, मास्तर? अडीचशे वर्षं झाली त्याला."

"कागदाला झाली असतील. ठिपका मी दिलाय." मास्तरांनी खुर्ची पुढे ओढली. "छपरातून पाणी आलं होतं ना, त्या साली भिंतीकडची सगळी मांडणी भिजली. दप्तर उसवलं की पानं सुटी होतात. मला ती जुनी लिपी कुठली वाचता यायची? उलटं शिवलं गेलं तर तुमच्यासारखी मंडळी बोंब मारणार. म्हणून उसवायच्या आधी प्रत्येक पानाला खाली डाव्या हाताला एक ठिपका. ठिपका तिथे आला की पान सुलटं. साधी गोष्ट."

"एकतीस वर्षांच्याच दप्तरांना?"

"भिजली तेवढीच."

सरांनी टेबलाची कड धरली. "आणि समुद्रापलीकडे?"

"पाठवलं होतं की मला! आठ महिने. दोन सरकारांचा तो करार नव्हता का, सांस्कृतिक देवाणघेवाणीचा? त्यांच्याकडून इथे नाचणाऱ्यांचा ताफा आला, आपल्याकडून तिकडे मी गेलो." मास्तर खूश होऊन आठवू लागले. "माणसं चांगली. अन्न मात्र मानवलं नाही. कावीळ झाली आणि काम अर्ध्यावर टाकून आलो."

उत्तरदायित्वाचा ऱ्हास तो हा.

"काही ठिपके फिकट आहेत, मास्तर," सर हळूच म्हणाले. फिकट ठिपक्यांवर त्यांनी चाळीस पानं लिहिली होती: अधिकाऱ्याची मनाविरुद्धची संमती.

"शाई संपत आली की पाणी घालायचो. दौत मागवायला कोण जातंय?" मास्तरांनी सरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "का हो? चुकलं का माझं काही? पुसता येईल म्हणा ओल्या कापसाने."

"नको, नको. राहू द्या."

तेवढ्यात कारकून जागेवर आल्याचं कळलं आणि मास्तर जिवंत असल्याचं सांगायला उठून गेले.

सर मांडण्यांच्या खोलीत गेले. मास्तरांचं वय झालंय, बोलण्यात गल्लत होत असेल, अशी एक आशा होती. हुकमांच्या मध्ये काही कोरी पानं शिवलेली असत आणि त्यांवरही ठिपका असे. त्यांवरही सरांचं एक प्रकरण होतं, नववं, 'मूक हुकूम'. असलं एक कोरं पान त्यांनी आज पहिल्यांदा खिडकीच्या उजेडात धरलं. आत कागदगिरणीचं चिन्ह उमटलेलं होतं. तीच गिरणी संस्थेच्या लेटरहेडचा कागदही पुरवत असे.

बाहेर आले तेव्हा बाईंच्या कीबोर्डचा आवाज पावसासारखा चालू होता.

"बाई, मास्तर काय म्हणाले ऐकलंत?"

"टाइप करताना मला ऐकू येत नाही, सर."

बारा वर्षांत सरांच्या फोनवरचं एक अक्षरही या बाईंच्या कानांतून सुटलेलं नव्हतं. सर तिथेच उभे राहिले. मग आवाज थांबला.

"त्या म्हाताऱ्याला परिषदेतलं कोण भेटणार आहे, सर?"

"कोणी नाही."

"मग?"

"मी भेटलो ना, बाई."

बाईंनी कीबोर्डवरची धूळ पदराने पुसली. धूळ नव्हतीच. "मुलीचं नर्सिंगचं दुसरं वर्ष आहे," त्या म्हणाल्या. विनवणी वगैरे नाही. बसची वेळ सांगावी तसं. आणि पुन्हा टाइप करू लागल्या.

शुक्रवार, शनिवार सरांनी तळटिपा लिहिण्यात घालवले. 'या खुणांविषयी एक वेगळी मौखिक परंपराही आढळते.' 'काही जाणकारांच्या मते बिंदू उत्तरकालीन असण्याची शक्यता नाकारता येत नाही.' अशा अकरा तळटिपा झाल्या. प्रत्येक खरी होती आणि एकीतूनही कोणाला काही कळलं नसतं. आपल्याला हे इतकं चांगलं जमतं याचं त्यांना पहिल्यांदाच वाईट वाटलं.

रविवारी जेवताना बायकोला सांगितलं. ती शाळेत गणित शिकवायची.

"म्हणजे उत्तर चुकलं," ती म्हणाली.

"हो."

"उत्तर चुकलं तरी मी पायऱ्यांचे गुण देते."

"पायऱ्याही चुकल्यात. पहिलीच."

"मग खोडा. एकोणीस वर्षं या घरात सुट्ट्या ठिपक्याला विचारून ठरल्यात. मलाही जरा बरं वाटेल." तिने वाढता वाढता हात थांबवला. "आणि तुमच्या बाई?"

सरांनी ताटातली भाजी एका कडेला सारली, मग दुसऱ्या कडेला.

सोमवारी सकाळी ते संचालकांकडे गेले. संचालक त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान, व्यवस्थापन शिकून आलेले, आणि दिवसाला पन्नास कागदांवर बोलता बोलता सह्या करणारे. आताही करत होते.

"अहो सर, एका ठिपक्याने काय होतंय?"

"ग्रंथात दुसरं काही नाहीये."

"सहाशे पानं आहेत की." संचालकांनी कागद उलटला. "परिषदेला सिद्धांत नकोय हो, ग्रंथ हवाय. तेरा प्रती टेबलावर दिसल्या पाहिजेत. जाड दिसल्या पाहिजेत."

"मी सुरुवातीला एक निवेदन घालतोय. खरं काय ते सांगणारं."

सहीचं पेन थांबलं. "घातलंत तर मला तुमच्यासाठी काही करता येणार नाही."

"आणि नाही घातलं तर?"

"तर येईल."

सर जिना उतरून खाली आले. तीन मजले. दर मजल्यावर त्यांचं मत बदलत होतं. तळमजल्यावर पोचले तेव्हा निवेदन न घालण्याची पाळी होती. पण खोलीत शिरताना समोरच भिंतीवरचा तो बशीएवढा ठिपका दिसला, आणि ती लिपी वाचता न येणाऱ्या एका माणसाने पान उलटं लागू नये म्हणून केवढी काळजी घेतली होती ते त्यांच्या डोक्यात आलं. त्यांनी खिशातून दोन पानं काढून बाईंपुढे ठेवली.

बाईंनी ती उभ्या उभ्या वाचली. खुर्चीत बसून पुन्हा वाचली.

"हे मलाच टाइप करायचंय का, सर?"

"दुसरं कोणी नाहीये, बाई. मी करतो हवं तर. दोन बोटांनी येतं मला."

"राहू द्या. उद्यापर्यंत 'आवरण'च्या जागी 'आचरण' होईल तुमचं." त्यांनी स्क्रीन स्वतःकडे वळवली. "'बाइंडर मास्तर' असंच लिहू? हुद्दा नीट घालते. 'वरिष्ठ ग्रंथबांधणीकार'. म्हाताऱ्याचं नाव कुठे छापून यायचंय दुसरीकडे?"

"घाला."

बाई टाइप करत राहिल्या. सर खिडकीशी उभे राहून बाहेरच्या सायकली मोजत होते. मध्येच एकदा बाईंनी नाक ओढलं, आणि सरांनी मोजलेल्या सायकली पुन्हा पहिल्यापासून मोजल्या.

"'उत्तरदायित्व' हा शब्द आता कुठून कुठून काढायचा?"

"सगळीकडून."

"चारशे ब्याण्णव ठिकाणी आहे."

"मग असू द्या. निवेदनात सांगितलंय तेवढं पुरे."

संध्याकाळपर्यंत तेरा प्रती बांधून झाल्या. निवेदन पहिल्या पानावर होतं, तलवारीच्या वाक्याच्याही आधी. बाईंनी तेराही प्रती स्वतः वर नेऊन दिल्या, दोन खेपांत. सरांनी एक गठ्ठा उचलायला हात पुढे केला तर म्हणाल्या, "माझंच काम आहे ते. आज आहे तोवर."

मंगळवारी परिषद भरली. सर दिवसभर खोलीत बसून होते. बोलावणं आलं नाही. चार वाजता वरून रिकामे कप घेऊन उतरणाऱ्या शिपायाला त्यांनी विचारलं, "माझ्या ग्रंथाचं काही निघालं का?"

"एका मॅडमनी उघडला होता, सर. पहिलंच पान वाचत होत्या," शिपाई म्हणाला. "बराच वेळ वाचत होत्या."

"मग?"

"मग त्यांनी शेजारच्यांना दाखवलं. ते म्हणाले, छान."

बुधवारी सकाळी लिफाफा आला. बाई दारात उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत. सरांनी तो पट्टीने नीट फाडला. विभाग बंद करण्यात येत असून तिन्ही खोल्या महिनाअखेर प्रशिक्षण केंद्राच्या ताब्यात द्याव्यात, हंगामी पदाला मुदतवाढ देऊ नये, दप्तरं तळघरात हलवावीत, असं त्यात होतं. खाली संचालकांची सही होती.

"निवेदनामुळे ना, सर?" बाईंनी विचारलं. आवाजात राग नव्हता, त्यामुळे ऐकणं जास्त कठीण होतं.

"हो, बाई. माझ्यामुळे."

त्या मान हलवून आपल्या टेबलाकडे गेल्या आणि खण रिकामा करू लागल्या. सरांनी पत्र घडी घालण्यासाठी पुन्हा उचललं, आणि आयुष्यभराच्या सवयीने त्यांची नजर वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या तारखेकडे गेली.

पत्र तीन आठवड्यांपूर्वीचं होतं.