फुकटात आलेला पॉवर सप्लाय

मित्रांनो, मी एक जुना पॉवर सप्लाय आहे. भिंतीतली वीज घ्यायची, कॉम्प्युटरला मानवेल अशी करायची आणि त्याच्या एकेका भागाला वाटून द्यायची, एवढंच माझं काम. मला रंगीत दिवे नाहीत, काचेची बाजू नाही. पत्र्याचा डबा, एक पंखा आणि वायरींचा झुपका, हा माझा सगळा थाट. कॉम्प्युटर बघायला आलेला माणूस सगळ्यांचं कौतुक करतो आणि माझ्यापाशी येऊन परत फिरतो. सवय झाली आहे आता.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते नीट आठवत नाही. आठवते ती समुद्रापलीकडची एक थंडगार कचेरी. तिथे मी आठ वर्षं इमानेइतबारे काम केलं. मग नवे कॉम्प्युटर आले आणि आम्हा जुन्यांना कंटेनरमध्ये कोंबून घानाला धाडलं. तेमा बंदरात उतरलो, तिथून ट्रकने केटा गावात, देलालीच्या कॉम्प्युटरच्या दुकानात. देलालीने मला फडताळावर ठेवलं आणि तो मला साफ विसरला. दोन वर्षं मी समुद्राची खारी हवा खात बसलो होतो.

मग काफुई आली. काफुई वेण्या घालते. बारीक बारीक वेण्यांनी एक डोकं भरायला तिला सकाळपासून संध्याकाळ होते. तिला आणि तिच्या मैत्रिणी एन्योनाम, सेनाम यांना गेमचं भारी वेड. पण गावातल्या गेमच्या दुकानात त्यांना खुर्ची मिळेल तर शपथ! "ताई, एवढा एकच डाव," असं म्हणत पोरं दुकान बंद होईपर्यंत हलायची नाहीत. शेवटी काफुईने ठरवलं, आपल्या घरी आपला कॉम्प्युटर, आपली खुर्ची. त्यासाठी ती दीड वर्ष वेण्या घालत राहिली. एकदाच जमणार होतं हे. एखादी वस्तू चुकली किंवा जळली, तर पुन्हा तेवढं साठवायची ताकद तिच्यात नव्हती.

म्हणून तिने डोळ्यांत तेल घालून निवड केली. हा प्रोसेसर त्या मदरबोर्डवर बसतो का, मेमरीची खाच जुळते का, सगळं चार महिने फोनवर वाचत होती. ग्राफिक्स कार्डची लांबी तिने नकली केसांच्या बटेने मोजली, बटेला गाठ मारली आणि ती बट कॅबिनेटच्या आत धरून पाहिली. देलाली हसून हसून बेजार झाला, पण कार्ड बरोब्बर बसलं.

आता चूक कुठे झाली ते सांगतो. आमच्याकडे खरेदी झाली की दुकानदाराने काहीतरी फुकट वर टाकायचं असतं. त्याला डॅश म्हणतात. गिऱ्हाईक हक्काने मागतं, आणि मिळालेला डॅश कुणी उलटसुलट करून बघत नाही. तसं करणं फार वाईट दिसतं.

"देलालीभाऊ, एवढं सामान घेतलं. डॅश कुठाय माझा?" काफुई म्हणाली.

"डॅश? अगं, माझं दुकानच डोक्यावर घेऊन जा ना!" देलाली कुरकुरला. मग त्याने मला खाली काढलं, फुंकर मारली आणि कॅबिनेटमध्ये टाकलं. "घे. पॉवर सप्लाय. फुकट."

काफुई खूश झाली. मीही झालो. चार महिने प्रत्येक वस्तूची कुंडली मांडणाऱ्या त्या मुलीने माझ्या पाठीवरचा वॉटचा आकडा, म्हणजे मी किती वीज देऊ शकतो ते, मात्र वाचलंच नाही.

घरी सगळं जोडलं. पडदा उजळला, तिघी ओरडल्या. गेम सुरू झाला, लढाई पेटली, कार्डाला भूक लागली आणि ते माझ्याकडे मागतच सुटलं. माझ्या वायरी तापल्या. मी जुना असलो तरी अस्सल आहे. झेपेनासं झालं की स्वतःला बंद करायचं, ही माझी घडणच आहे. मी बंद झालो. सगळा अंधार.

"मेला वाटतं म्हातारा," सेनाम म्हणाली.

पुन्हा लावलं, पुन्हा तेच. चार दिवस मी शिव्या खाल्ल्या. कार्ड जळू नये म्हणून मी थांबत होतो, पण हे सांगू कसं? खूप वाईट वाटलं मला.

पाचव्या दिवशी काफुईने एका फेरीवाल्याकडून नवाकोरा पॉवर सप्लाय आणला. काळा कुळकुळीत, वर सोनेरी अक्षरांत सातशे वॉट. तो बसवायला मास्टर अग्बेको आले. गावातल्या सगळ्या रेडिओंचे आणि फ्रीजचे हेच डॉक्टर. त्यांनी मला सोडवून जमिनीवर ठेवलं. काफुईची आई आब्ला तिथेच गारी चाळत होती. गारी म्हणजे कसाव्याच्या कंदाचा भाजलेला रवा, आणि बाजारात ती विकण्यात आब्लाचं आयुष्य गेलं आहे. मास्टरांना द्यायला म्हणून तिने तो काळा डबा उचलला आणि हातातच थांबली.

"मास्टर, ह्याचं वजन एका कोपऱ्यात आहे."

"मशीन आहे मावशी, असायचंच."

"मला शिकवू नका. पोत्याच्या तळाशी ओली गारी भरली की असंच लागतं हाताला. हा जुना बघा, सगळीकडून सारखा जड. उघडा तो काळा."

"आई, नवीन आहे तो! उघडला तर परत घेणार नाही!" काफुई कळवळली.

"बसवून जळलं तर कार्ड परत घेतील का?"

मास्टरांनी चार स्क्रू काढले. आत बोटभर सर्किट आणि एका कोपऱ्यात चिकटवलेला सिमेंटचा गोळा. मग काफुई रडायला लागली.

"रडू नकोस," मास्टर म्हणाले. "वाचलीस म्हण. हा पेटला असता तर कार्ड, बोर्ड, सगळं घेऊन गेला असता." त्यांनी मला मांडीवर घेतलं, रुमालाने पाठ पुसली. "तीनशे वॉट. आणि खरे तीनशे. तुझ्या कार्डाला एकट्यालाच जवळजवळ तेवढे लागतात."

"म्हणजे चार जणांना जेवायला बोलावलंस आणि भात शिजवलास एकाचा," आई म्हणाली.

काफुईने डोळे पुसले. आणखी एक पॉवर सप्लाय घ्यायला पैसे उरले नव्हते. ते कार्ड तिने गावभर दाखवलं होतं. तेच घेऊन ती देलालीकडे गेली आणि त्याच्या बदल्यात लहान कार्ड घेऊन आली, माझ्याकडे विजेची वेगळी वायर न मागणारं. चित्र थोडं साधं दिसणार होतं. देलाली चिडवत होता, पण ती खाली मान घालून उभी राहिली आणि काम करून आली. मला तिचा फार अभिमान वाटला.

त्या दुपारी तिघी आळीपाळीने चार तास खेळल्या. मी एकदाही थांबलो नाही. पाचव्या तासाला आई हात धुऊन आली आणि म्हणाली, "उठा आता. ती खुर्ची माझ्याही घरातली आहे."

मित्रांनो, या गोष्टीला सात वर्षं झाली. कॉम्प्युटर जोडाल तेव्हा जरूर चमकदार कार्ड बघा, पण कोपऱ्यातल्या माझ्या भाईबंदांच्या पाठीवरचा आकडाही वाचा, आणि आमच्या पंख्यातली धूळ काढत जा. काफुई दर महिन्याला जुन्या ब्रशने ती काढते. माझा पंखा आता थोडा घरघरतो. ती कान लावून ऐकते आणि विचारते, "काय आजोबा, झेपतंय ना अजून?"

झेपतंय, पोरी. तू विचारतेस ना, म्हणून झेपतंय.