शिंकनाथांचा अग्निप्रसाद

रंकाळ्याच्या पलीकडच्या मैदानात मांडव पडला होता आणि मांडवात निम्मं कोल्हापूर शिंकत होतं. पुढच्या रांगेतल्यांनी टोप्या घट्ट धरल्या होत्या. मागून येणाऱ्या वाऱ्याचा भरवसा नव्हता. वर फलक होता : 'सर्दीसंहारक श्री शिंकनाथ महाराज'. पूर्वाश्रमीचे हंबीरराव, बिद्रीकडचे. पूर्वाश्रमात काय करायचे, ते कुणी विचारलं नव्हतं. महाराजांना पूर्वीचा धंदा विचारणं हे नवरीला वय विचारण्यासारखं असतं.

"पावणं," महाराज माइकवर गरजले, "माणूस चंद्रावर जाऊन आला. तिथं पाणी हाय का न्हाय ते बघून आला. आणि तुमच्या नाकातलं पाणी थांबंना? पटतंय?"

"न्हाय!" मांडव ओरडला.

"औषध हाय! कवाच गावलंय! पर कंपन्यांनी तिजोरीत घातलंय आणि किल्ली समुद्रात टाकलीय. सर्दी गेली तर गोळी कोण गिळणार? सिरप कोण पिणार? रुमाल कोण घेणार?"

रुमालाचा आणि औषध कंपन्यांचा संबंध कुणाला लागला नाही, पण टाळ्या पडल्या.

"मग तुमास्नी कुठनं गावलं?" मागून कुणीतरी विचारलं.

"समाधीत बुडी मारून किल्ली वर काढली!"

यावर आणखी टाळ्या. ऋषभनं मात्र हात खिशातच ठेवले. तो औषध कंपनीचा प्रतिनिधी होता. काळी बॅग घेऊन डॉक्टरांच्या दारात ताटकळणं, हा त्याचा व्यवसाय. तिजोरीची किल्ली सोडाच, कंपनी त्याला ऑफिसच्या कपाटाची किल्लीसुद्धा देत नव्हती. तो आला होता वडिलांसाठी. अण्णाप्पा, म्हणजे घरातले अप्पा, उभा जन्म गूळ मार्केटात घालवलेले. त्यांना जुना दमा आणि वर बारमाही सर्दी. दम्यावर पंप चालू होता. सर्दीवर आता महाराज चालू होणार होते.

विधी सोपा होता. पायऱ्या चढून वर जायचं. महाराज तांब्याच्या झारीतून नाकात दोन थेंब सोडायचे. खाली उतरलं की वाटीभर लालभडक, वाफाळता 'अग्निप्रसाद' एका दमात प्यायचा आणि माइकसमोर श्वास ओढायचा.

"सुटलं! नाक सुटलं!" माणसं डोळे पुसत ओरडायची. वाटीचं कुणी नाव काढायचं नाही. जयजयकार झारीचा.

शालूबाई नावाच्या आजीबाईंनी तर माइकच हिसकावला. "मागल्या सोमवारी थेंब घातलं. सात दिसांत सर्दी गेली! डॉक्टराकडं गेली असती तर आठवडा लागला असता!"

ऋषभ एकटाच हसला आणि शेजारच्यांनी त्याच्याकडे खुनशी नजरेनं बघितलं.

अप्पांची पाळी आली. थेंब पडले. वाटी पुढं आली तशी त्यांनी हात आडवा धरला. "दिवस मावळलाय. आमी जैन, आता काय खात न्हाय. आणि ह्यात मटणाचं पाणी हाय न्हवं?"

"बोकडाचंच हाय," वाढपी म्हणाला, "पर प्रसाद हाय."

"तर मग न्हाईच."

त्यांनी माइकसमोर श्वास ओढला. फर्रर्र. नाक जिथं होतं तिथंच होतं.

महाराजांनी भुवया चढवल्या. "औषध चालू हाय काय?"

"दम्याचा पंप हाय."

"पोरगा काय करतोय?"

"औषध कंपनीत हाय की."

महाराज दोन पावलं मागं सरले. "बघा पावणं! चोर घरातच जेवालाय! ह्यांच्या रक्तात कंपनी मुरलीय. पंप बंद! रोज येऊन थेंब घ्या, आपोआप सुटंल."

मांडव खदाखदा हसला. अप्पा हसले नाहीत. त्यांनी घरी येऊन पंप कपाटात टाकला, कुलूप लावलं आणि किल्ली कनवटीला खोचली. ऋषभनं बॅगेतून नवा पंप काढला, तर म्हणाले, "तो बी त्याच कंपूतला."

पुढचे दिवस ऋषभला बसू की उठू झालं. अप्पांच्या छातीतली शिट्टी स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायची. जिना चढताना ते मधेच बसायचे आणि भिंतीवरचा रंग बघतोय असं दाखवायचे. डॉक्टरांनी फोनवर बजावलं होतं : पंप अचानक बंद केला तर कधीही झटका येईल, वेळेत नाही आणलं तर जिवावर बेतेल. ऋषभ पाणी प्यायला उठायचा, पाणी न पिताच घरभर फेऱ्या मारायचा.

"अप्पा, ऐका की."

"तू कंपनीचं मीठ खातोस."

"खातोय की! म्हणून तर सांगालोय. कंपनीकडं सर्दीचं औषध असतं तर साहेबानं मला पहाटे उठवून विकायला लावलं असतं."

"ते तू म्हणणारच," अप्पा म्हणाले. एवढ्या तीन शब्दांना त्यांना दोनदा थांबावं लागलं.

चंदना, ऋषभची बायको, भाकरी थापता थापता म्हणाली, "अवो, एक सांगू? आज बस्तीत दर्शनाला गेल्ते, तिथं बायका भेटल्या. श्रेयसच्या आईचं नाक सुटलं न्हाय. ऐश्वर्याच्या सासऱ्यांचं बी न्हाय. थेंब सगळ्यांनी घेतलं, पर आपल्यातल्या एकाचं बी सुटलं न्हाय."

"म्हंजे थेंब काय बस्तीचा पत्ता बघून उतरालेत काय नाकात?"

"थेंब सगळ्यांनी घेतलं," चंदना सावकाश म्हणाली, "वाटी आपल्यातल्या कुणीच घेतली न्हाय."

ऋषभ फेऱ्या मारायचा थांबला. बऱ्याच दिवसांनी.

दुसऱ्या दिवशी ऊन असतानाच दोघं अप्पांना घेऊन मांडवात पोचली. चंदनाच्या हातात किटली होती. आत मसुराचं पाणी. कांदा नाही, लसूण नाही. मिरची मात्र हात सैल सोडून घातलेली.

ऋषभ थेट माइकपाशी गेला. "कंपनीवाला आला रे!" कुणीतरी ओरडलं.

"आलोय की. महाराज, आज उलटं करूया. आधी वाटी, मग थेंब."

"विधी उलटा चालत न्हाय."

"का? भ्यालासा व्हय?"

'भ्यालासा व्हय' या प्रश्नाला कोल्हापुरात एकच उत्तर असतं आणि ते द्यायच्या आधी विचार करायची पद्धत नाही. समाधीत समुद्राचा तळ गाठून आलेले महाराजही शेवटी बिद्रीकडचेच.

"आमी कुणाच्या बाला भीत न्हाय! कर उलटं!" ते म्हणाले. मग त्यांना कळलं आपण काय म्हणालो ते. पण मांडवानं आरोळी ठोकली होती.

चंदनानं अप्पांना पायऱ्यांवरून वर नेलं आणि वाटी भरली. "अप्पा, आपल्यात बसंल असा प्रसाद हाय. दिवस बी हाय अजून."

अप्पांनी घोट घेतला. डोळ्यांतून पाणी आलं, कान तांबडे झाले. त्यांनी नाक पुसलं, श्वास ओढला आणि लहान मुलासारखे ओरडले, "सुटलं की!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"थेंब अजून झारीतच हाईत," ऋषभ म्हणाला.

टाळ्या विस्कळीत झाल्या आणि थांबल्या. वर्षाराणी नावाची कॉलेजातली पोरगी स्वतःहून पुढं आली. तिनं नुसते थेंब घेतले, वाटी नाही. फर्रर्र. "नुसतं गार लागलं," ती म्हणाली. "कापराचा वास हाय."

"काय हाय हो झारीत?" शालूबाईंनी दरडावलं.

महाराजांचा आवाज पहिल्यांदाच माइकशिवाय आला. "खोबरेल. आणि कापूर."

तेवढ्यात पायऱ्या उतरणारे अप्पा मधेच थांबले. या वेळी भिंत नव्हती, रंग बघायचं सोंग करायला. ते तिथंच बसले. नाक मोकळं होतं, छाती बंद होती. माइक चालू राहिल्यानं ती शिट्टी साऱ्या मांडवानं ऐकली. महाराज झारी धरून उभे होते; पुढं मात्र आले नाहीत.

अप्पांनी झारीकडं बघितलं, मग पोराकडं. "हाय काय रं... पंप?"

ऋषभनं खिशातून नवा पंप काढला, टोपण चंदनानं उघडलं. एक फवारा, थोडं थांबून दुसरा. सगळा मांडव स्वतःचाच श्वास अडकल्यासारखा बघत राहिला. हळूहळू अप्पांचे खांदे खाली आले.

"म्हंजे," ते दमानं म्हणाले, "तुझी कंपनी धुतल्या तांदळाची?"

"अजिबात न्हाय. रंगीत पाणी खोकल्याचं म्हणून विकणारे बी हाईत, किंमत फुगवणारे बी हाईत. सर्दी आपोआप जाती म्हणून तिच्यावर संशोधनाला पैसा बी कमी लावत असतील. पर कमी शोधणं वेगळं आणि गावलेलं दडवणं वेगळं. सर्दी हा एक चोर न्हाय अप्पा, शे-दीडशे भावांची टोळी हाय. एकाला वळखलं तर दुसरा येतोय, तो बी तोंड बदलून. सगळ्यांवर चालणारं औषध ज्याला गावंल, तो कुबेर हुईल. लोभी माणूस कुबेर व्हायचं सोडून दडवत बसंल?"

"आणि माझं सात दिसांत गेलं ते?" शालूबाई अडून बसल्या.

"सर्दी बहुतेकांची तेवढ्यातच जाती, आजी. कुणी थेंब घातलं तर थेंबाचं नाव, कुणी न्हाय घातलं तर देवाचं."

लोक चिडतील असं ऋषभला वाटलं होतं. थोडे चिडलेही. पण एक जाडजूड गृहस्थ पुढं येऊन महाराजांना विचारू लागले, "पूर्वी लग्नातलं जेवान करत होतासा काय?" महाराजांनी मान डोलावली. "तरीच! पुढल्या महिन्यात पोरीचं हाय. रस्सा तुमीच करायचा. फक्त नाकात काय घालू नका." सिद्धपुरुषाचा त्या संध्याकाळी आचारी झाला. अशी बढती क्वचितच कुणाला मिळते.

अप्पांना घेऊन दोघं मांडवातून थेट डॉक्टरांकडं निघाली.

औषध कंपन्यांवर संशय घ्या, जरूर घ्या. हिशेब विचारा, पुरावा मागा. पण तोच पुरावा झारीवाल्याकडेही मागा. कंपनी लबाड आहे म्हणून बुवा खरा ठरत नाही, आणि आपल्या नाकाला बरं वाटलं की कशानं वाटलं, हे एकदा उलटं करून बघायला काही खर्च येत नाही. न बघण्याचा खर्च मात्र कुणाच्या तरी छातीवर पडतो.

रिक्षात अप्पा बाहेर बघत म्हणाले, "उभा जन्म खडा चाखल्याबिगर गुळाची ढेप घेतली न्हाय मी. आणि जीव द्यायला निघालो, तवा मातूर चाखलं न्हाय."