छपरासाठी विश्वासू माणूस

शिंप्याच्या बायकोला छपरासाठी विश्वासू ठेकेदार हवा होता आणि शिंप्याला नेमका तोच नको होता. त्याचं असं झालं, की बायको माहेरी गेलेली असताना टीव्हीवर मॅच दिसेना. मग काय, हा गडी डिश सरळ करायला शिडी लावून कौलांवर चढला. मागे एकदा असाच चढून, पडून, पाय मोडून घेतला होता, तेव्हा पुन्हा शिडीला हात लावणार नाही अशी बायकोची शपथ घेतली होती. ती शपथ खाली राहिली आणि हा वर. चार कौलं पायाखाली फुटली, एक चप्पल कुठेतरी सटकली आणि मॅच हरायची ती हरलीच. चप्पल कुत्र्यानं पळवली, असं त्यानं बायकोला सांगितलं. गोष्ट पटावी म्हणून उरलेली चप्पलही कचऱ्यात टाकून दिली.

मग पाऊस आला आणि पाणी थेट शिलाई मशीनवर ठिबकायला लागलं.

पहिला ठेकेदार मोजकं बोलणारा होता. वर जाऊन आला, हात पुसले आणि म्हणाला, चार कौलं बदलली की झालं, कोणीतरी कौलांवरून चालून गेलेलं दिसतंय. बायको त्याला फाटकापर्यंत सोडायला गेली आणि जरा वेळानंच परतली. तोवर शिंप्याची तयारी झाली होती. हा माणूस नजर चोरतो, म्हणाला, आणि एवढ्याशा कामावर खूश होतो म्हणजे नक्की लबाड. बायको नुसतं बरं म्हणाली.

दुसराही तेच सांगून गेला, वर आणखी म्हणाला की चाललेला माणूस अंगानं चांगलाच भरलेला असणार. शिंप्यानं पोट आत घेतलं.

तिसरा मात्र शिडीला शिवलाही नाही. अंगणातूनच मान वर करून त्यानं निकाल दिला: मांजरं. शिंप्याला त्याला मिठी मारावीशी वाटली. पँट आखूड झाली की तो स्वतः गिऱ्हाइकाला कापड आटलं म्हणून सांगायचा, त्यामुळे आपल्या पंथातला माणूस त्यानं लगेच ओळखला. पण त्या पठ्ठ्याची गाडी पुढे निघाली. मांजरांनी छप्पर पार खिळखिळं केलंय, सगळं उतरवावं लागेल, महिनाभर घर रिकामं करा.

"मग दादाकडे राहू," बायको शांतपणे म्हणाली. "तुमचा या माणसावर विश्वास आहे ना? आत्ताच हो म्हणून टाकते."

मेव्हण्याच्या घरी टीव्ही नव्हता आणि त्याचे सल्ले मात्र पहाटेपासून चालू व्हायचे. शिंप्यानं एकदा छपराकडे पाहिलं, एकदा बायकोकडे.

"मांजर नव्हतं," तो म्हणाला. "मी होतो."

मांजरंही असतीलच की, असं तिसऱ्यानं रेटून पाहिलं. बायकोनं त्याला हात जोडून वाटेला लावलं, आत गेली आणि धुऊन वाळवलेली एक चप्पल आणून नवऱ्यापुढे ठेवली.

"घ्या. कुत्र्यानं कौलांत नेऊन अडकवली होती. पहिल्या माणसानंच फाटकापाशी दिली. तुम्ही कधी बोलताय तेवढं बघत होते."

शिंपी हसायच्या बेतात होता, पण तिचा आवाज फुटला. "कौलं गेली खड्ड्यात. मी घरी नव्हते. वरून पडला असतात तर उचलायला कोण होतं हो?"

शिंप्याला मनापासून लाज वाटली. तो तिच्याशेजारी पायरीवर टेकला आणि चुकलो म्हणाला, आणि या खेपेला पुढे ‘पण’ जोडला नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच माणसाला बोलावलं. चहा होईपर्यंत त्याचं कामही आटपलं. निघताना बायको त्याला म्हणाली, आमची शिडीही घेऊन जा. माझ्याकडे आहे, तो म्हणाला. असू दे, आणखी एक ठेवा, ती म्हणाली. शिडीचं दुसरं टोक शिंप्यानंच धरलं आणि फाटकापर्यंत पोचवलं, अनवाणी, कारण नवीन चप्पल घ्यायची अजून राहिलीच होती.