पडद्याची पलीकडली बाजू

मित्रांनो, ती कात्री जरा बाजूला ठेवा. मी एक जुना पडदा आहे आणि मी रागावलेला आहे.

आज सकाळी तुम्ही मला ख्रिस्ती मिशनच्या कोठीतल्या ट्रंकेतून बाहेर काढलंत, उन्हात झटकलंत, शिंकलात आणि म्हणालात, "पांढरा आहे, झेंड्यांना चालेल." मग तुमच्यातल्या एकीला माझ्या अंगावरचा तपकिरी डाग दिसला. "एवढा भाग टाकून द्यायचा," असं तिने नाक मुरडून सांगितलं. स्वातंत्र्य येणार आहे, कापड रेशनवर मिळतं, हे मला ट्रंकेतही ऐकू येत होतं. तेव्हा कापायचं तर खुशाल कापा. पण तो डाग टाकून द्यायचा म्हणता, तर तो कसा पडला ते आधी ऐकून घ्या. मग ठरवा.

माझा जन्म बेळगावजवळच्या शहापूरच्या एका हातमागावर झाला. शेजारच्या मागावर रेशमी काठाच्या साड्या विणल्या जात. मला ना काठ, ना पदर. विणकराच्या बायकोने मला घडी घालताना "कोराच बिचारा" म्हटल्याचं अजून आठवतं. मिशनच्या शिंप्याने माझे दोन तुकडे मधोमध जोडले आणि वरखाली बांबू घालण्यापुरती दुमड घातली. त्यामुळे माझ्यावर कोणतंही चित्र पडलं, तरी त्याच्या मधून एक रेघ जायची. समुद्रावर वादळ उठो की स्वर्ग उघडो, माझी शिवण मध्ये असायचीच. लोक तिला हसत, आणि मीही मनातल्या मनात हसत असे.

मला जादूच्या कंदिलासाठी घेतलं होतं. हा कंदील म्हणजे पत्र्याची एक पेटी. आत रॉकेलचा दिवा, पुढे भिंग. मध्ये रंगीत काच सरकवली की तिच्यावरचं चित्र समोर माझ्या अंगावर माणसाएवढं मोठं उमटे. तेव्हा सिनेमा या भागात अजून यायचा होता. माझ्यापुढे बसलेली माणसं आ वासून बघत, बाया तोंडाला पदर लावत. खोटं कशाला बोलू, मला त्या कौतुकाची चटक लागली होती.

दिवाळी झाली की मिशनची तरुण मुलं जोडीजोडीने बैलगाडीतून गावोगाव प्रचाराला निघत आणि शिमग्याच्या सुमाराला बेळगावला परत येत. याला ते हंगाम म्हणत. मी ज्या जोडीबरोबर गेलो, तिच्यात एक होता भास्कर. बेळगावच्या कॅम्पात वाढलेला, पेटी वाजवणारा, गोड बोलणारा. दुसरा शमुवेल. तो निपाणीजवळच्या एका खेड्यात, गावकुसाबाहेरच्या वस्तीत जन्मला होता. तेव्हा त्याचं नाव शामू होतं. आईबाप प्लेगात गेले, आत्याने काही वर्षं सांभाळला आणि मग मिशनच्या बोर्डिंगात आणून सोडला. तिथे तो शिकला, ख्रिस्ती झाला आणि शामूचा शमुवेल झाला. बोलणं भास्करचं काम आणि कंदील शमुवेलचं. गाडी हाकायला मष्णू नावाचा गडी होता.

आता माझ्या रागाचं कारण सांगतो. पहिल्याच मुक्कामाला, कंग्राळीच्या पलीकडल्या एका गावात, पाटलांनी चावडीपुढची जागा दिली, पण एक अट घातली.

"खेळ दावा की. पर वस्तीतली माणसं आमच्यात बसायची न्हाईत."

"मग खेळ नको," शमुवेल म्हणाला.

भास्करने त्याला बाजूला घेतलं. "उगाच डोक्यात राख घालून घेऊ नकोस. पडदा मध्ये बांधू. गाव इकडे, वस्ती तिकडे. पडदा ओला केला की चित्र मागूनही दिसतं. सगळ्यांनाच दिसणार आहे, मग कोण कुठे बसलं याने काय बिघडतं?"

शमुवेल गाडीतून बांबू काढायला गेला. मला उत्तर सुचलं होतं, पण मला कोण विचारतो? देवापुढे सगळे सारखे, हे सांगायला ही मुलं निघाली होती आणि पहिल्याच संध्याकाळी त्यांनी माझीच भिंत केली.

आणि तो ओलावा कुठला, ते ऐका. मष्णू गावच्या विहिरीतून बादल्या भरभरून आणी आणि माझ्यावर ओती. जी माणसं माझ्यामागे बसली होती, त्यांना त्या विहिरीच्या पायरीवरही पाऊल टाकता येत नव्हतं. मी कापड, मला ना तहान ना भूक, आणि मी गळेपर्यंत भिजत होतो. एका लहान पोरीने माझ्या खालच्या कडेवरून ठिबकणारं पाणी ओंजळीत धरलं. तिच्या आईने घाबरून तिच्या हातावर चापट मारली. माझ्या धाग्याधाग्यात त्या वेळी जो संताप भरला, तो अजून निघालेला नाही.

पुढे प्रत्येक गावात तीच तऱ्हा झाली. मच्छे, खानापूरकडची खेडी, मग चिकोडी. सवय लागली. माझ्या तोंडाकडे बघणारे हसत, वाहवा करत. पाठीकडे बघणारे गप्प बसत. शमुवेल तेवढा कंदिलाशी असे, म्हणजे पुढच्याच बाजूला. माझ्या पाठीकडून काय दिसतं, हे त्याने हंगामभर एकदाही पाहिलं नाही.

शेवटचा मुक्काम त्याच्याच गावी होता. गावाचं नाव सांगत नाही, तिथे अजून माणसं राहतात. रानात तंबाखूची पानं वाळत पडली होती आणि सगळ्या गावाला तो उग्र वास सुटला होता. शमुवेल कोट घालून कंदील पुसत होता, तेवढ्यात तिथले पाटील त्याच्यापुढे येऊन उभे राहिले.

"तू अंबूचा भाचा न्हवं रं? कोट घातलास म्हंजे आमी वळखायचं न्हाई व्हय? चल, तिकडं जाऊन बस."

शमुवेलने भास्करकडे पाहिलं. भास्करने मान खाली घातली. "आजचा एकच दिवस, शमुवेल. शेवटचा मुक्काम आहे. कंदील मी सांभाळतो."

मला वाटलं, आता तरी हा मला खाली ओढेल, बांबू मोडेल, काहीतरी करेल. तो मुकाट्याने मला वळसा घालून मागे गेला आणि त्याच्या आत्याशेजारी, अंबुबाईशेजारी, मातीत बसला. तंबाखू खुडून अंबुबाईचे तळवे तपकिरी झाले होते आणि चित्र बघायला तिला डोळे बारीक करावे लागत होते. पुढे भास्करने महारोग्याची काच सरकवली. येशू हात पुढे करून महारोग्याच्या कपाळाला स्पर्श करतो, ते चित्र. भास्करचा आवाज भरून आला. पलीकडून कुणीतरी वाहवा केली.

अंबुबाईने भाच्याला कोपराने ढोसलं. "शामू, त्यो डावखुरा हाय व्हय रं?"

"कोण गं, आत्ती?"

"तुझा देव. डाव्या हातानं शिवायलाय त्या रोग्याला."

शमुवेलने वर पाहिलं. ती काच त्याने कितीतरी वेळा सरकवली होती, पण तिचं हे रूप त्याने पाहिलं नव्हतं.

"न्हाई आत्ती, उजवाच हात हाय त्यो. आपण मागनं बघायलोय न्हवं, म्हणून तसं दिसतंय."

"म्हंजे म्होरल्यांस्नी उजवा, आन् आमास्नी डावा." ती चिडली नव्हती. भाजीत मीठ कमी पडलंय, हे सांगावं तसं ती म्हणाली. "असू दे. पर फुडच्या खेपंला मला म्होरनं दाव. डोळ्यांत सारा वाढाय लागलाय, बुबुळावर साय धरलीया. दिसतंय तवर एकदा उजवा हात बघू दे."

"दावतो आत्ती," शमुवेलने शब्द दिला.

बेळगावला परतल्यावर हंगामाची अखेरची बैठक भरली. मिशनच्या बंगल्यातल्या लांब खोलीत सगळ्या जोड्या, पाळकसाहेब, त्यांच्या घरचे, साहेब लोक जमले. एकेकाने उठून हंगाम कसा गेला ते सांगितलं. कुणी म्हणे बी पेरलं, कुणी म्हणे जमीन भुसभुशीत झाली. भास्करने तर कमाल केली. "एकाही गावात भांडण झालं नाही," तो म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी कोपऱ्यात घडी होऊन पडलो होतो आणि माझ्या तळापासून शेंड्यापर्यंत आग आग होत होती.

रिवाजाप्रमाणे बैठकीच्या शेवटी कंदिलाचा खेळ होता. शमुवेलने मला बांधलं, माझ्यावर पाणी मारलं आणि कंदील उचलून नेऊन माझ्या पलीकडे ठेवला.

"अरे, कंदील भलत्या बाजूला गेला," भास्कर म्हणाला.

शमुवेलने दिवा लावला आणि महारोग्याची काच सरकवली.

पाळकसाहेबांच्या पत्नी म्हणाल्या, "काच उलटी लागलीय वाटतं. प्रभूचा हात बघा ना."

"काच सुलटी आहे, बाई," शमुवेल माझ्यापलीकडून बोलला. "आज तुम्ही मागे बसला आहात. हंगामभर आपण ज्यांना मागे बसवलं, त्यांनी हाच हात पाहिला. माझ्या आत्याने मला विचारलं, तुझा देव डावखुरा आहे का. मी तिला काय सांगू?"

मग पाळकसाहेब सावकाश म्हणाले, "तुझं दुःख मला कळतं. पण त्या पाटलांनी आपल्याला हाकलून दिलं असतं, तर तुझ्या आत्याला डावा हातही दिसला नसता."

"नसता दिसला तर बरं झालं असतं," शमुवेल म्हणाला. "देव अजून आलाच नाही, असं तिला वाटलं असतं. आता तिला वाटतं, तो येऊन गेला आणि आमच्याशी गावासारखाच वागला. मला उद्या कंदील द्या. मी डोक्यावर घेऊन चालत जातो. तिचे डोळे जायला लागलेत."

"हंगाम संपला, बाळ. उद्या कंदील गोऱ्या साहेबांबरोबर उन्हाळ्यासाठी डोंगरावर जायचा आहे. दिवाळीनंतर बघू."

दिवाळीनंतर. जसा काही डोळ्यांतला सारा मिशनच्या सोयीने वाढणार होता. मित्रांनो, हा माणूस वाईट नव्हता, आणि याचीच मला जास्त चीड येते. तो प्रेमाने बोलला, प्रार्थना करून बैठक संपवली आणि सगळे चहाला गेले. मला पिळून वाळत घालायचंही कुणाला सुचलं नाही.

दिवाळी झाली. शमुवेलने या वेळी कुठल्या पाटलांना जागा मागितली नाही. तो सरळ आत्याच्या वस्तीत गेला आणि मला दोन बाभळींमध्ये बांधलं, तोंड वस्तीकडे, पाठ गावाकडे. पाणी ओढ्याचं होतं, वस्तीतल्या बायांनी घागरींनी आणलेलं, थोडं गढूळ. त्या पाण्याने भिजताना मला पहिल्यांदा लाज वाटली नाही. भास्करही आला होता. गाडीपासून कंदील त्याने स्वतःच्या खांद्यावरून आणला. गावातली काही माणसं लांब तंबाखूच्या रानात, माझ्या पाठीमागे, येऊन उभी राहिली. त्यांना डावा हात दिसत होता. मला बरं वाटलं. मी काही संत नाही.

मग अंबुबाई आली. शेजारणीच्या खांद्यावर हात ठेवून, पाय चाचपत आली. तिला सगळ्यांच्या पुढे, अगदी माझ्यासमोर बसवलं. महारोग्याचं चित्र माझ्यावर लख्ख पडलं होतं. ती माझ्याकडे तोंड करून वाट बघत राहिली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "शामू, दिवा लावलास का न्हाई अजून?"

शमुवेल कंदील सोडून तिच्याजवळ आला. त्याने तिला उठवलं, दोन पावलं पुढे आणलं आणि तिचा तळवा उचलून माझ्यावर ठेवला, जिथे तो हात होता तिथे.

"ह्यो बघ, आत्ती. ह्यो उजवा हात."

तिने चाचपून पाहिलं. "गार हाय," ती म्हणाली. "वल्ला हाय." मग तोंड त्याच्याकडे वळवून तिने विचारलं, "उजवाच न्हवं?"

"उजवाच."

"तू म्हंतोस म्हंजे असंल," अंबुबाई म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.

तो डाग तिच्या तळव्याचा आहे. तंबाखूचा रंग ओल्या कापडात उतरला आणि पुन्हा कधी निघाला नाही. सोड्याने धुतलं, लिंबू चोळलं, उन्हात टाकलं. माझ्यावर डाग आहे, चित्रं मळकी दिसतात, म्हणून मिशनने नवा पडदा आणला आणि मला ट्रंकेत टाकलं. माझी भिंत करून माणसं मागे-पुढे बसवली, तेव्हा मी कुणाला मळका वाटलो नव्हतो. शमुवेल पुढे हंगामाला गेला नाही. त्याने त्याच वस्तीत शाळा घातली, असं कोठीत बोलणारे बोलत. त्या शाळेत कुणाला मागे बसवत नव्हते म्हणे.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं माझ्यासारख्याने म्हणायची पद्धत आहे. मी म्हणणार नाही. मला जपू नका, उचला ती कात्री. फक्त झेंड्याचा पहिला पांढरा तुकडा त्या डागाचाच काढा. मळका दिसला तर दिसू द्या. आणि मैदानात तो चढवाल तेव्हा आधी पाठीमागे वळून बघा. कुणी कुंपणाशी लांब उभं असेल, तर गाणं सुरू करू नका. त्याला पुढे बोलवा आणि तो येईपर्यंत थांबा.