मी, ताई आणि तिच्या मनगटावरचे ते घड्याळ

मी एक जुने वल्हवायचे यंत्र आहे. पाण्याशी माझा काडीचाही संबंध नाही. एक लांब रूळ, त्यावर मागेपुढे सरकणारी बैठक, पाय अडकवायला दोन पट्टे, आणि दांडा ओढला की घूंऽऽ करून फिरणारा एक पंखा, एवढाच माझा संसार. तरी या घरात सगळे मला ‘होडी’ म्हणतात, म्हणून मीही स्वतःला होडीच समजते. मित्रांनो, माझी कहाणी ऐकण्याआधी एक कबुली ऐका. माझा स्वभाव चांगला नाही. मी अतिशय मत्सरी आहे.

कारखान्यात माझे सगळे भाग जुळल्यावर शेवटी माझ्या डोक्यावर एक छोटा पडदा बसवला गेला. किती वेळ वल्हवले, किती हात मारले आणि किती कॅलरी जळल्या, हे तो दाखवतो. त्यातले कॅलरीचे काम फार अवघड, बरे का. कोणाच्याही अंगात डोकावून बघणे मला जमत नाही. पंखा किती जोरात आणि किती वेळ फिरला, एवढेच मला कळते. त्यात बसणाऱ्याचे वजन मिसळायचे आणि एक अंदाज बांधायचा. वजन मात्र कोणीतरी बटण दाबून मला सांगावे लागते.

माझे पहिले मालक एका व्यायामशाळेचे चालक होते. लोक त्यांना पैलवान म्हणत. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्यात स्वतःचे वजन भरले, एकशे चार किलो. पैलवान बसले की माझा रूळ करकरायचा, पण मला अभिमान वाटायचा. ते मला तेल द्यायचे, फडक्याने पुसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, “ही आहे म्हणून मी आहे.” आठ वर्षे अशी मजेत गेली. मग तिथे धावपट्टीची चकचकीत यंत्रे आली आणि मी भिंतीकडे सरकले. त्या यंत्रांच्या दिव्यांकडे बघून मी इतकी जळफळले की विचारू नका. कोळीसुद्धा माझ्यावर जाळे बांधायचे ते त्यांच्याकडे तोंड करून, असे मला वाटायचे.

तिथून मला ताईने आणले. ताई कपडे शिवते. घराच्या पुढच्या खोलीत तिचे शिलाई यंत्र, कापायचे टेबल आणि इस्त्री आहे. त्यांच्याच शेजारी मला जागा मिळाली. ताईला हौस म्हणून व्यायाम करायचा नव्हता. तिच्याकडेच राहणाऱ्या धाकट्या बहिणीची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा ती दवाखान्यात जाऊन चार चार तास रक्त शुद्ध करून घ्यायची आणि परत येताना जिन्यात दोनदा बसायची. ताईचे मूत्रपिंड तिला जुळत होते. पण डॉक्टरांनी सांगितले, “तुमचं वजन एकाहत्तर आहे. सात किलो कमी करा, मगच शस्त्रक्रियेची तारीख देतो.”

ताई रोज सकाळी अर्धा तास वल्हवू लागली. माझ्या पडद्यावर तीनशे दहा आकडा आला की ती खूश व्हायची. मग ती तेवढेच मोजून खायची, एक केळे, मूठभर शेंगदाणे आणि चहाबरोबर चार बिस्किटे. “हे माझ्या होडीनं कमावलेलं आहे,” असे ती नवऱ्याला सांगायची. ते ऐकून मी हवेत तरंगायचे.

माझ्या सुखाला दृष्ट लागली ती ताईच्या नवऱ्यामुळे. तो बस चालवतो. एके दिवशी त्याने ताईसाठी मनगटावरचे घड्याळ आणले. ते नाडीचे ठोके मोजून कॅलरी सांगायचे. मित्रांनो, त्या दिवसापासून माझ्या पोटात जे दुखायला लागले ते काही केल्या थांबेना. मी खोलीत एकटी. ते मात्र ताईबरोबर बाजारात जायचे, स्वयंपाकघरात जायचे, तिच्या उशाशी झोपायचे. आणि वर माझ्या तीनशे दहाला ते फक्त दोनशे चार म्हणायचे! काल आलेले चिमूटभर घड्याळ मला गणित शिकवते म्हणजे काय!

“कोण खरं?” ताईने विचारले.

“दोन्ही अंदाजच गं,” नवरा म्हणाला. “पण घड्याळ तुझ्या अंगाला लागलेलं आहे.”

घड्याळाने स्वतःच माती खाल्ली. ताई एकाच जागी उभी राहून इस्त्री करत होती आणि ते म्हणाले, आठशे पावले झाली. ताई इतकी हसली की तिला हातातली इस्त्री खाली ठेवावी लागली. तिने घड्याळ काढले आणि बटणांच्या डब्यात टाकले. “याच्यापेक्षा माझी होडी बरी,” ती म्हणाली. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

आता लाजेची गोष्ट सांगते. माझ्या पोटात अजून पैलवानांचेच वजन होते, हे मला ठाऊक होते. ताईला ते बटण कोणी दाखवलेच नव्हते. मला बोलता येत नाही हे खरे. पण आले असते तरी मी बोलले नसते. आकडा उतरला असता तर ती पुन्हा घड्याळाकडे वळली असती ना!

दोन महिन्यांनी ताईला दवाखान्याच्या काट्यावर उभे केले. वजन अवघे अर्धा किलो उतरले होते. डॉक्टरांनी तारीख दिली नाही. त्या संध्याकाळी ताई माझ्या बैठकीवर नुसती बसून राहिली. धाकटी त्याच खोलीतल्या पलंगावर पडली होती. सुया टोचून टोचून तिचा हात निळा झाला होता. ती एका ग्रंथालयात कामाला होती आणि तिला प्रत्येक वस्तूवरची बारीक अक्षरे वाचायची खोड होती. ताई चहा टाकायला आत गेली, तशी ती उठली आणि माझ्या पडद्याखालची सूचना वाचून एकेक बटण दाबू लागली.

“ताई,” तिने हाक मारली, “तू एकशे चार किलोची कधी झालीस गं?”

ताई धावत आली. गळ्यात टेप तसाच होता. पडद्यावर पैलवानांचे वजन लुकलुकत होते.

“बावीस वर्षं शिवतेय मी,” ती म्हणाली. “गिऱ्हाईक म्हणतं, माप कशाला घेता, भावाच्या सदऱ्यावरून शिवा. त्याला मी दारातूनच परत पाठवते. आणि स्वतः मात्र कुणा दांडगोबाच्या मापावर जेवत बसले. तुझे दोन महिने खाल्ले गं मी.”

“खाल्लेस खरं. बिस्किटांसकट,” धाकटी म्हणाली. “आता रडू नकोस. साडेसत्तर घाल आणि बस.”

दुसऱ्या दिवशी माझ्या पडद्यावर दोनशे नऊ आले. वल्हवताना ताईने डब्यातले घड्याळही मनगटावर बांधले होते. ते दोनशे चार म्हणाले. म्हणजे ते पहिल्यापासून बरोबरच्या जवळ होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण पलंगावरचा तो निळा हात बघितला आणि माझी मलाच शरम वाटली. माझ्या फुशारकीची किंमत त्या हाताने मोजली होती.

मग ताईने शेंगदाणे आणि बिस्किटे बंद केली. अर्ध्या तासाचा पाऊण तास केला. आकड्याला भुलायचे नाही, दर रविवारी काट्यावर उभे राहायचे, असे तिने ठरवले. साडेतीन महिन्यांनी काटा चौसष्टच्या खाली आला आणि दोघी बहिणी दवाखान्यात गेल्या. नऊ दिवस खोली बंद होती. मला कधी नव्हे ती त्या घड्याळाची काळजी वाटली, कारण तेही घरीच राहिले होते.

दोघी परत आल्या. धाकटी जिना न थांबता चढली. ताईचे मूत्रपिंड आता तिच्या पोटात काम करते. मला त्याचाही हेवा वाटला. त्याला ना पडदा, ना बटण. किती काम केले हे ते कोणाला सांगत नाही, कौतुकाचीही वाट बघत नाही.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना पुसा, तेल द्या, आमच्यावर ओले कपडे टाकू नका. पण आमचा आकडा मोठा दिसला म्हणून आमच्या प्रेमात पडू नका. आधी विचारा, हा आकडा कोणाच्या मापाचा आहे? आम्ही आपणहून सांगत नाही.

चार महिन्यांनी डॉक्टरांनी धाकटीला हलक्या व्यायामाची परवानगी दिली. ती माझ्यावर बसली. आधी तिने स्वतःचे वजन भरले, सेहेचाळीस. मग पाच मिनिटे अगदी हळू वल्हवले. पंखा जेमतेम फिरला.

“ताई, नऊ!” ती ओरडली. “मी नऊ कॅलरी जाळल्या!”

ताई शिवण टाकून धावत आली आणि माझ्या पडद्यासमोर उभी राहून ढसाढसा रडली. तीनशे दहासाठी मी इतकी जळले, मित्रांनो, पण त्या नऊ कॅलरींसाठी ताईने माझ्याकडे जसे बघितले, तसे पैलवानांनीही कधी बघितले नव्हते.