कव्हरवरची दोन नावं

बँड काढला तो माझ्या मोठ्या भावानं. तो छापखान्यात ऑफसेट मशीन चालवायचा. सुट्टीच्या दिवशी मालक त्याला कागदाच्या गोदामाची किल्ली देत. कागदाच्या गठ्ठ्यांमध्ये आवाज मुरतो, शेजारीपाजारी ओरडत नाहीत, म्हणून आम्ही तिथं सराव करायचो. ड्रमवर दादा, गिटारवर त्याचा शाळेतला मित्र लंबू, गायला आणि की-बोर्डवर मी. न्यू वेव्ह नावाचं संगीत तेव्हा ताजं होतं. सुटसुटीत ठेका, थंड आवाजाचा की-बोर्ड आणि वर उदास शब्द. आई म्हणायची, "तुमचं गाणं म्हणजे रडणारा माणूस घाईघाईनं बस पकडायला निघालाय!"

पाच वर्षं आम्ही मिळेल तिथं वाजवलं. मग एका छोट्या रेकॉर्ड कंपनीनं बोलावलं आणि अल्बम करायला चोवीस दिवसांसाठी स्टुडिओ दिला. पत्र वाचून दादानं मला उचलून गरकन फिरवलं. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते, तो एकोणतीसचा.

स्टुडिओत पहिल्या दिवसापासूनच बिनसलं. अल्बमचे निर्माते शांत, चष्मेवाले गृहस्थ होते. काचेपलीकडून ते एकच वाक्य म्हणायचे, "छान. पुन्हा एकदा." दादाच्या कानात हेडफोनमधून घड्याळासारखी टिकटिक सोडलेली असायची आणि तिच्याबरोबर त्याला वाजवायचं होतं. गाण्याच्या मध्यापर्यंत तो बरोबर असायचा, मग डावा हात मागे पडायचा. अगदी केसभर. गोदामात ते कोणाला कळलं नसतं. टेपवर कळत होतं.

सहाव्या दिवशी निर्मात्यांनी शब्दकोशाएवढी एक पेटी आणली. रबरी बटणांचं ड्रम मशीन.

"तुमचा भाऊ चांगला वाजवतो," ते मला बाजूला घेऊन म्हणाले. "पण अठरा दिवस उरलेत आणि एकही गाणं पुरं नाही. तुम्ही सांगाल त्याला, की मी सांगू?"

"तुम्हीच सांगा," मी म्हटलं.

दादानं ऐकून घेतलं. टेबलावरच्या काठ्या उचलल्या, पिशवीत घातल्या आणि म्हणाला, "गाणी चांगली व्हायला हवीत. बाकी काय." आणि दुपारच्या पाळीला छापखान्यात निघून गेला.

त्याच्या हाताला काहीतरी झालंय, हे मला आधीपासून दिसत होतं. दाढी करताना त्याला रोज कापायचं. चहाचा कप तो दोन्ही हातांनी धरायला लागला होता. दमला असेल, असं मी स्वतःला सांगायचे. खरं म्हणजे मला ते बघायचंच नव्हतं. अल्बम होऊ दे, मग बघू, असं चाललं होतं माझं.

त्या मशीननं आम्हाला तीन दिवस रडवलं. ठेका अचूक यायचा, पण त्यात जीव नव्हता. लंबू वैतागून म्हणाला, "कुणीतरी दारावर थाप मारतंय आणि आपण उघडत नाही, असं वाटतंय." शेवटी मी दादालाच विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं.

तो दुसऱ्या दिवशी सकाळी, पाळीच्या आधी आला. नखांत शाई तशीच. खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसला आणि तोंडानं ठेका म्हणू लागला. मी बटणं दाबायची.

"इथं दुसरा ठोका जरा हळू कर. गाणारा इथं श्वास घेतो."

"मशीनला काय कळणार श्वास?"

"मशीनला नाही, तुला कळतो ना? मग कर."

असे सलग पाच दिवस तो सकाळी आला. नऊच्या नऊ गाण्यांचे ठेके त्यानं बसवून घेतले. एका गाण्यात त्यानं मध्येच चार मात्रा मोकळ्या सोडायला लावल्या. निर्माते काचेपलीकडून पहिल्यांदाच नुसतं "छान" म्हणाले. पुन्हा एकदा नाही.

अल्बम वेळेत पुरा झाला. कव्हरसाठी फोटो काढायचा होता त्या दिवशी दादाची पाळी होती. फोटो माझा आणि लंबूचाच निघाला. मग कंपनीतून एका बाईंचा फोन आला. कव्हरच्या मागच्या बाजूला घालायला नावं हवी होती. त्यांनी भराभर विचारलं. गायन? की-बोर्ड? गिटार? मी सांगत गेले.

"आणि ड्रमवर?"

लंबू समोर बसला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. दादाचं नाव सांगितलं, तर मग तो फोटोत का नाही, कार्यक्रमांना येणार का, हे सगळं निघालं असतं. निघेना का! पण मी म्हटलं, "मशीन."

लंबू मान खाली घालून गिटारच्या तारा जुळवू लागला. त्या फोनचा विषय त्यानं नंतरही कधी काढला नाही.

कव्हर कुठं छापायचं हे कंपनीनं आधीच विचारलं होतं, आणि दादाच्या छापखान्याचं नाव मीच अभिमानानं सुचवलं होतं. फोन ठेवल्यावर ते आठवलं. तरी मी त्या बाईंना परत फोन केला नाही. आज करू, उद्या करू, असं म्हणत चार दिवस घालवले.

पुढचं मला छापखान्यातल्या प्लेट बनवणाऱ्या काकांनी फार उशिरा सांगितलं. त्यांनी मजकूर वाचला आणि दादाला म्हणाले, "अरे, तुझं नाव राहिलंय. थांब, मी घालतो, कोण बघतंय?" दादा म्हणाला, "आलंय तेच छापायचं, काका." आणि दोन हजार कव्हरं त्यानं स्वतः छापली. रंग कुठं तसूभर सरकला नाही.

त्या संध्याकाळी त्यानं पहिलं कव्हर घरी आणलं आणि आईच्या हातात दिलं. आईनं चष्मा लावला. फोटो पाहिला, कव्हर उलटलं, आणि ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचत गेली. शेवटपर्यंत गेली आणि पुन्हा वर आली.

"तुझं नाव कुठंय रे?"

"मी वाजवलंच नाही ना, आई," दादा म्हणाला आणि हात धुवायला आत गेला. नळ बराच वेळ चालू होता. आई माझ्याकडे बघत होती. मी खाली मान घालून बसले.

अल्बम बऱ्यापैकी गाजला. एका समीक्षकानं लिहिलं, की या बँडचं यंत्रसुद्धा श्वास घेतं. आम्ही गावोगावी कार्यक्रम केले. स्टेजवर मी, लंबू आणि स्टुलावर ठेवलेली ती पेटी. दादानं एकही कार्यक्रम पाहिला नाही. भांडला नाही, अबोला धरला नाही. विचारलं तेवढं बोलायचा. भांडला असता तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी दौऱ्यावर असताना आईचा फोन आला. दादानं मशीनवरचं काम सोडलं होतं. बोटं रोलरच्या फार जवळ जायला लागली होती. डॉक्टर म्हणाले होते, मज्जातंतूंचा आजार आहे, वाढतच जाणार, उपाय नाही. मी उरलेले कार्यक्रम सोडून घरी आले. लंबूनं मला अडवलं नाही.

तेव्हापासून दादाची दाढी मी करायला लागले. पहिले काही महिने तो डोळे मिटून बसायचा. एका सकाळी गालाला साबण लावता लावता मी एकदाची बोलले, "त्या दिवशी फोनवर मी तुझं नाव मुद्दाम सांगितलं नाही."

"माहीत आहे."

"कसं माहीत?"

"तू विसरली असतीस तर कव्हर बघून ओरडली असतीस. तू गप्प बसलीस."

माझा हात थांबला. तो म्हणाला, "कर ना, साबण वाळतोय."

"राग आहे तुला?"

"आहे," तो म्हणाला. "कमी होतो, मग परत येतो. पण तू रोज येतेस, मलाही सवय झालीय. तेवढ्यावर चाललंय आपलं."

मी माफी मागितली. तो "हं" म्हणाला. त्या "हं"चा अर्थ मी अजून शोधते आहे.

त्यानंतर तो सात वर्षं जगला. शेवटच्या वर्षी बोलणं कळेनासं झालं होतं. एका दुपारी आईनं त्याच्या खोलीत आमचा अल्बम लावला. त्याच्या देखत तो वाजतोय, असं मी पहिल्यांदाच पाहत होते. मी दारात उभी राहिले. त्याची मान ठेक्यावर हलत नव्हती, ती कशानंच हलत नव्हती. चार मात्रा मोकळ्या सोडल्या होत्या ते गाणं आलं, तेव्हा त्यानं डोळे मिटले, आणि ठेका परत सुरू झाला तेव्हा बरोबर उघडले. आई त्याच्या पायांवरचं पांघरूण सारखं करत होती. तिच्या काही लक्षात आलं नाही.

तो गेला तेव्हा लंबू आला होता. आम्ही अंगणात थोडा वेळ उभे राहिलो. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेला.

आता मी एका शाळेत मुलांना गाणं शिकवते. जुने श्रोते कधी भेटले तर विचारतात, दुसरा अल्बम का नाही केलात? मी म्हणते, आवाज बसला. ते खोटं आहे; खरं सांगायचं तर कव्हरवर नसलेल्या नावापासून सुरुवात करावी लागेल. पण आवाजाचं सांगितलं की तेवढ्यावर लोक समाधान मानतात आणि पुढं विचारत नाहीत.