तरंगत्या घराला ठोकलेली पट्टी

मित्रांनो, चंद्र आकाशात फिरतो, समुद्र त्याच्यामागे धावतो आणि या दोघांचा खेळ ज्यांना इंचाइंचाने कळतो, अशा जगातल्या मोजक्या थोरांपैकी मी एक आहे. सध्या माझ्यावर सुनिलशेठचं बनियन वाळत आहे.

मी एक जुनी सागवानी पट्टी आहे. अंगावर पांढरा रंग आणि फुटांचे काळे आकडे. माझी उमेदीची वर्षं खाडीकाठी गेली. तिथे धक्क्याच्या दगडी खांबाला मला पक्कं ठोकलं होतं. शेजारी एक तरंगतं घर होतं. खाली निळी पिंपं, पिंपांवर फळ्या, फळ्यांवर दोन खोल्या. चंद्राने ओढलं की भरती यायची आणि घर माझ्याशेजारून वर चढायचं. सहा तासांनी ते मुकाट्याने खाली उतरायचं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भरती बेताची. रोज पाऊण-एक तास उशीर, पण गैरहजेरी कधीच नाही. पाणी हलायचं, घर हलायचं, मी हलत नव्हते. घरातली माणसं दोर कधी सैल करायचा, हे मला पाहून ठरवायची. एवढा मान घरातल्या थोरल्या सुनेलाही नव्हता.

मग ते घर विकलं गेलं. वाशिंदच्या सुनिलशेठनी ते घेतलं, सुटं करून ट्रेलरवर चढवलं आणि मुरबाडच्या बाजूला धरणाच्या बॅकवॉटरवर पाहुण्यांसाठी उभं केलं. मलाही आणलं. शेठनी मला स्वतःच्या हाताने तेल चोळलं. "ही खरी चीज!" म्हणाले. मी सुखावले. मग त्यांनी चार स्क्रू घेतले आणि मला त्या तरंगत्या घराच्याच भिंतीला, दाराशेजारी, खालचं टोक पाण्यात राहील असं बसवलं. तिथे शोभून दिसते म्हणे!

आता तुम्हीच सांगा, पाण्याबरोबर उतरणाऱ्या घराला पट्टी ठोकली, तर ती काय मोजणार? पाणी उतरलं, घर उतरलं, घराबरोबर मीही उतरले. आकडा तोच. दोन फूट. सकाळी दोन, संध्याकाळी दोन. जन्मभर खरं बोललेल्या मला चार स्क्रूंनी खोटारडी केलं.

त्या घराच्या मागच्या खोलीत चांगो आणि गंगी राहत. त्यांचं भातशेत याच पाण्याखाली गेलेलं. काठावर त्यांच्या नावाची वीतभर जागा नव्हती, म्हणून शेठच्या पाहुण्यांचं पाहायचं आणि त्या खोलीत संसार करायचा. चूल, चार कोंबड्या, एक पत्र्याची पेटी. तेवढंच त्यांचं घर.

चंद्र तळ्यालाही ओढतो. पण तळं एवढंसं, कोणाला जाणवत नाही. इथलं पाणी ओढतात ते शहराचे नळ. चंद्र पाणी सहा तासांत परत देतो. शहराला तशी सवय नाही.

फाल्गुनात गंगी म्हणाली, "शेठ, पानी उतरलाय. ज्या दगडावर परवा भांडी घासली, तो आज कोरडा पडलाय. खाली आमच्या शेताचा बांध हाय. घर मधल्या खोल पानात न्या."

"मधे मोबाइलला रेंज नाय," शेठ म्हणाले. "आणि पट्टी बघ. दोन फूट! कुठे उतरलंय?"

"पट्टी काय, शेठ बोलतील तसा बोलते."

"गप गो," चांगो म्हणाला. "लिहिलेला हाय तिच्यावर. तुझ्या दगडावर लिहिलेला हाय काय?"

मला ओरडावंसं वाटलं. पण सागवानाला तोंड नसतं.

गंगीने मग कारवीची एक काठी काठाशी चिखलात रोवली आणि पाण्यालगत चुन्याची रेघ ओढली. चार दिवसांत रेघ वीतभर वर राहिली. शेठ हसले. त्या रविवारी एका वाढदिवसाला वीस पाहुणे आले, त्यांच्या वजनाने घर दबलं आणि माझा आकडा चार बोटं वाढला. "बघ, पाणी चढलं!" शेठनी पाहुण्यांना जाहीर केलं. टाळ्या पडल्या. माझ्या आयुष्यातल्या त्या शेवटच्या टाळ्या, आणि त्याही फसवणुकीच्या.

चैत्रात एका दुपारी घर बांधावर टेकलं. पाणी उतरत गेलं, घर जागीच राहिलं. इतक्या महिन्यांनी माझा आकडा पहिल्यांदा पाण्याबरोबर हलला. दीड. एक. मी पुन्हा खरं बोलत होते!

शेठ धावत आले, मला निरखून पाहिलं आणि म्हणाले, "पट्टी बिघडली."

मग घर कलंडलं. चूल फुटली, पेटी पाण्यात गेली, बांधाच्या दगडांनी दोन पिंपं फाडली. कोंबड्या उडून काठावर गेल्या. त्यांनी मला आधीपासूनच कधी विचारलं नव्हतं.

आता चांगो-गंगी काठावर ताडपत्रीखाली राहतात. पावसाळ्यात पाणी परत येईल, पण फाटक्या पिंपांचं घर उठणार नाही. "तू बोललीस ता मी ऐकाया पायजे होता," काल चांगो गंगीला म्हणाला. ती म्हणाली, "आता पिंपा सांध. मंग बोल." माझ्याकडे मात्र तिने पाहिलंही नाही. ते मला सर्वांत लागलं.

मित्रांनो, गंगीच्या काठीवर एकही आकडा नाही, पण तिचा पाय जमिनीत आहे. मोजणाऱ्याला आधी तेवढं द्या. पाऊस यायच्या आत ती पिंपं सांधा, मला या कलंडलेल्या भिंतीवरून काढा आणि त्या काठीशेजारी रोवा. पाण्यावर राहणाऱ्यांना मी पुन्हा खरं सांगेन.

आणि हे सगळं जमणार नसेल, तर निदान ते बनियन तरी काढा. आज ते नीट पिळलेलं नाही.